खाऱ्या हवेची वॉरंटी

४ मे
वॉरंटी नाकारली! एसी घेऊन वर्ष नाही झालं, तोवर बंद पडला. कंपनीचा माणूस इमारतीमागच्या अरुंद डक्टमध्ये डोकावला, फोटो काढले. म्हणे बाहेरचा भाग कोंदट जागी बसवलाय, वॉरंटी लागू नाही. मग कुठे बसवायचा होता? तर रस्त्याकडच्या भिंतीवर. पण तिथे नगरपालिकेची बंदी आहे!
“तो आमचा विषय नाही, मॅडम.”
मग कोणाचा? समुद्राचा?

५ मे
खरंच समुद्राचा! वॉरंटीच्या कागदावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत — खाऱ्या हवेने गंजल्यास कंपनी जबाबदार नाही. दुकान किनाऱ्यावर, गिऱ्हाइकं किनाऱ्यावर, वॉरंटी मात्र डोंगरावरची. चोर लेकाचे!
नव्या औषधाने बाबांना घामच येत नाही, अंग तापत जातं. खोली गार हवीच, असं डॉक्टरांनी बजावलंय. वहिनी दिवसभर ओल्या पंच्याने त्यांचं अंग पुसते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावू म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं — कंपनीचं सील तुटलं की दावा मेला. कोणी हात लावायचा नाही.

९ मे
ग्राहक मंचात तारीख मिळाली. भाषण लिहितेय. “नियम यंत्राला आत ढकलतो, वॉरंटी बाहेर ओढते, आणि मधल्या मध्ये माणूस शिजतो.” झकास! मोठ्याने म्हणून पाहिलं, तर आतून वहिनी म्हणाली, “वन्सं, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.”
दादाही बायकोच्याच बाजूने. म्हणतो, तुला बाबा गार करायचेत की कंपनी? घरभेदी!

१२ मे
बाबा दुपारभर बरळत होते. पंखा नुसता वाफा फेकतो. दोनच दिवस आता. कंपनीला सोडणार नाही.

१४ मे
काय बोलले मी आज! त्यांच्या वकिलाची बोबडी वळली. नियम पाळल्यामुळेच वॉरंटी जाते ती कशी, असं अध्यक्षबाईंनी त्यालाच विचारलं. उद्या सकाळी पाहणी. सील शाबूत असेल तर नवा एसी द्यायचा, असा तोंडी आदेश. पेढे वाटावेसे वाटले! तीच वाक्यं घोळवत घरी निघालेय.

१४ मे, घरी आल्यावर
सील तुटलंय. मी निघाले तशी वहिनीने मेकॅनिकला बोलावलं. तसं तिने तोंडावर सांगितलं, मान खाली न घालता.
मी बोलायला तोंड उघडलं. पलंगावरून बाबा म्हणाले, “आलीस का, बाळ? दार लाव आधी. गार हवा जातेय.”
लावलं.