ॲम्ब्रोझच्या नावानं

३ नोव्हेंबर १८५७
छापून आली! माझी समुद्रावरची कविता, मासिकाच्या पहिल्याच पानावर. खाली नाव माझ्या धाकट्या भावाचं — ॲम्ब्रोझ थर्लबी. माझ्या नावानं पाठवली तेव्हा हीच कविता परत आली होती. बाईमाणसाला एवढं वादळ शोभत नाही म्हणे! तेव्हा ॲम्ब्रोझच म्हणाला, "घे माझं नाव. नाहीतरी रिकामंच पडलंय."
आज न्याहारीला बाबांनी त्याची पाठ थोपटली. चर्चमध्ये सगळ्यांना सांगणार म्हणाले. गाढव खुशाल मिरवत होता. मी चहा ओतला.

१९ जानेवारी
परीक्षण आलं. कवितेत 'मर्दानी जोम' आहे! ॲम्ब्रोझ इतका हसला की खोकत सुटला. रुमालावर रक्त. बाबांना सांगितलं नाही.

२ मार्च
आता उठवत नाही त्याला. तरी कागद मागत होता — संपादकांना खरं काय ते कळवतो म्हणाला. मीच म्हटलं, आधी बरा हो, घाई काय आहे?

९ मार्च
गेला.

१३ मार्च
दफनाला बायकांनी जायचं नसतं. पडदे ओढून घरात बसले. काळा झगा मानेला टोचत होता. माझ्या भावाला मातीत ठेवलं आणि मी तिथे नव्हते.
बाबा परतले. म्हणाले, कबरीपाशी त्याची समुद्रावरची कविता वाचली, कोळीसुद्धा रडले. त्याची! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात ॲप्रन कोंबला आणि रडले. कुणासाठी, कोण जाणे.

३० एप्रिल
ॲम्ब्रोझवर कविता लिहिली. आजवरची सगळ्यात चांगली. पण मेलेल्या माणसाच्या नावानं कशी पाठवू? खाली माझं नाव घातलं — लव्हिनिया थर्लबी.

१८ मे
परत आली. संपादक लिहितात, "आपलं दुःख आम्ही समजतो. पण दिवंगत बंधूंच्या शैलीची अशी उघड नक्कल आपल्यासारख्या स्त्रीला शोभत नाही."

१९ मे
बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही पाद्री आहात, तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील. दोन ओळी लिहा.
बाबा म्हणाले, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, लव्ही. पण त्याच्यामागे दुसरं काय उरलंय गं? एवढं राहू दे त्याला."
मी हो म्हणाले.