कुकीच्या कणकेला गिरमिट

मिनेसोटा,
१६ डिसेंबर

आदरणीय लव्हॉनताई,

एनारचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ॲरिझोनाचं ऊन मानवत असेल. इकडे उणे बावीस आहे, म्हणजे ठीक आहे.

तुमची बहीण, माझी आर्डिस, जाऊन नऊ महिने झाले. चर्चमधल्या नाताळच्या चहाला टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आर्डिसच्या चार डझन कुकीज असायच्या, पुढे तिच्या नावाची चिठ्ठी (अडतीस वर्षं!). यंदा शेजारची मर्टल म्हणाली, "एनार, तुम्ही उगीच त्रास घेऊ नका हं. त्या जागी मी माझ्या खजुराच्या वड्या ठेवीन." मी म्हणालो, "नको. मी आणतो." नऊ महिन्यांतलं हे माझं सर्वांत लांब भाषण. ते करून मी स्वतःच घाबरलो.

आर्डिसचं पाककृतीचं कार्ड सापडलं. त्यावर लिहिलंय, ‘गोळा रात्रभर गार ठेवणे’. ती तो मागच्या पडवीत ठेवायची हे पाहिलेलं होतं, म्हणून मीही ठेवला. (ती तो कांबळ्यात गुंडाळायची, हे त्या कांबळ्याला चिकटलेलं पीठ पाहून नंतर कळलं. इतकी वर्षं मी ते कांबळं कुत्र्याचं समजत होतो.) सकाळी गोळ्याचा धोंडा झालेला. लाटणं मारलं, तर लाटण्याचेच दोन तुकडे. शेवटी मासे धरायला तळ्याच्या बर्फाला भोक पाडतो ते गिरमिट आणलं. तीन भोकं सुरेख पडली. सवयीने एकात डोकावूनही पाहिलं.

मग फुटलेले तुकडे शेगडीजवळ ठेवून जेवायला बसलो. उठून पाहतो तो लोणी! साच्याने आकार कापले, पण भट्टीत ते ऐसपैस पसरले. सांबराची गाय झाली, देवदूतांची टरबुजं. म्हटलं, निदान सजावट तरी नीट करू. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, सरळ रेघ आपल्या हातची. पण आयसिंग पातळ झालं आणि देवदूतांचे निळे डोळे हनुवटीपर्यंत ओघळले. पुसायला गेलो, तर आणखी पसरले. यंदाच्या वर्षाला शोभतात, असं म्हणून सोडून दिलं.

चर्चमध्ये मर्टल बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हं. वेगळंच आहे हो काहीतरी!" पाद्रीबाबाही म्हणाले, "अगदीच वेगळं." (आपल्याकडे नावं ठेवायला याहून जड शब्द नाही, हे तुम्हाला सांगायला नको.) पण डाव्या कोपऱ्यात चिठ्ठी आर्डिसच्याच नावाची होती आणि ताटली रिकामी परत आली. मी शीळ घालत घरी आलो.

आपला,
एनार टोलेफसन

ता. क. ताटली कशी रिकामी झाली ते आज कळलं. मर्टलच्या खिडकीतल्या नाताळच्या झाडावर माझे अकराच्या अकरा देवदूत आणि सगळ्या गायी दोऱ्याने टांगल्यात. विचारलं तर म्हणते, "ते खायला दात कुठून आणू? पण टाकवेनात हो."

ता. क. २. कार्डाच्या पाठीवर आर्डिसच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘बाकीचं लव्हॉनला माहीत.’ ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती. फोन केला नाही, कारण फोनवर तिच्याविषयी बोलावं लागलं असतं. पुढच्या डिसेंबरात याल का? बोलायलाच हवं असं नाही. नुसती कणीक मळू. लाटणं मात्र तुमचं आणा.