शून्य ते दहा, तुमचं किती?

१ तारीख, सोमवार

आजपासून मी मेडिकल रिसर्चमध्ये. दहावीला दोनदा बसलेला माणूस डायरेक्ट रिसर्चमध्ये! आमच्या गणिताच्या सरांना कळलं तर खडू गिळतील.

ताई हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात नर्स आहे. रिसर्च तिचा. हात मोडलेला, भाजलेला, कापलेला माणूस येतो आणि दुखणं थांबायचं औषध मिळायला डॉक्टरची वाट बघत बाकावर बसतो. ताई म्हणते ते औषध दारातच नर्सने द्यावं. मग पहिले पंधरा दिवस जुनी पद्धत, पुढचे पंधरा दिवस ताईची पद्धत. दोन्हीत पेशंटला विचारायचं, किती दुखतंय. आल्या आल्या एकदा, अर्ध्या तासाने परत एकदा. फरक दिसला की हॉस्पिटलची कमिटी नियम बदलणार. एवढ्या परवानगीसाठी ताईने दीड वर्ष मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर चपला झिजवल्या.

विचारणारा माणूस मी. आधी ठरलेला ऐन वेळी दुसरीकडे लागला. आई म्हणाली याला घेऊन जा, घरात बसून आमचं डोकं खातो. ताई आधी नाही म्हणाली. मग परत नाही म्हणाली. मग घेतलं.

२ तारीख

ताईने एक वाक्य पाठ करून घेतलं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तुमचं किती? एवढं बोलायचं, आकडा लिहायचा, बाजूला व्हायचं. एक शब्द जास्त नाही. मी म्हटलं, एवढ्याला माणूस कशाला, पोपट ठेव. म्हणाली पोपटच मागितला होता, मिळाला नाही.

संकल्प: एक शब्द जास्त बोलायचा नाही.

दुपारी १. संकल्प मोडला. माझी चूक नाही. पहिलाच पेशंट सुतार, अंगठ्यावर हातोडा बसलेला. आठ म्हणाला. मी फक्त विचारलं, खिळ्याला काही लागलं नाही ना? अर्ध्या तासाने परत गेलो तर परत आठच. अर्धा तास बसून शून्य प्रगती! मी मोठ्या डॉक्टरांची नक्कल केली. म्हटलं, आता? सात. रबरी हातमोजा फुगवून कोंबडा केला. चार. मग कोंबडा आरवला, त्याच्या कानाजवळ. लगेच शून्य! म्हणाला, शून्य लिही आणि पुढच्याकडे जा. स्वतः बाकावर कळवळत बसलेला, पण काळजी पुढच्या पेशंटची. मोठ्या मनाचा माणूस.

आठवरून शून्य. औषध न देता. हे जरा विचार करण्यासारखं आहे.

४ तारीख

विचार केला. माझ्यात काहीतरी आहे.

आज नऊ पेशंट. सगळे दोनच्या खाली आणले. बरगडी मोडलेले एक काका होते, त्यांना चार जोक सांगितले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पाचव्याला तर त्यांनी मला हात जोडले. एवढा मान आजवर मला कुणी दिला नव्हता.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत असते, टाके, सलाईन, धावपळ. बाहेरचे बाक माझे. महिनाअखेर एकदम दणका देणार.

८ तारीख

फॉर्म फाइलच्या आत कुठेतरी घालायचा असतो. मी वरच लावायला लागलो, मोठा आकडा काढून, दोनदा गोल करून. डॉक्टरांना पण कळू दे बाहेर कुणीतरी काम करतंय.

मनगट मुरगळलेल्या एक शाळेच्या बाई आल्या. खूप गोड. सगळे जोक शेवटपर्यंत ऐकले, एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. माझं शिक्षण विचारलं. सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, शून्य लिही बाळा. शाळेत अशा बाई असत्या तर मी आज डॉक्टर असतो.

११ तारीख

कोंबड्याला तोटे आहेत. एक लहान पोरगी घाबरून रडली, चारची नऊ झाली. आकडा वर जाणं रिसर्चला बरं दिसत नाही, म्हणून तिचं ते नऊ लिहिलंच नाही. विचारायला वेळ नव्हता. असं लिहिलं.

संकल्प: लहान मुलांना कोंबडा नाही. फक्त मोठ्या डॉक्टरांची नक्कल.

१५ तारीख

पहिला भाग संपला. हिशोब केला: येताना सरासरी आठ, अर्ध्या तासाने एक. आता ताईची पद्धत सुरू. दारातच औषध. बिचारी. माझ्यापुढे गोळी किती टिकणार?

तरी बहीण आहे. तिच्या पंधरा दिवसांत पण जोक चालूच ठेवणार. भावाने मदत नाही करायची तर कुणी?

२० तारीख

फॉर्मात आहे. आता अर्ध्या तासाने गेलो की पेशंट मला बघूनच शून्य म्हणतात. एक जुना पेशंट तर नुसता दारातून आत आला, मी हातमोजा काढला, त्याने लांबूनच शून्याचा इशारा केला. त्याच्या पायातून रक्त येत होतं. म्हणजे माझा परिणाम आता तोंड न उघडता पण होतो. यावर वेगळा रिसर्च करावा लागेल.

आईला विचारलं, मी घरी असताना तिची कंबर कमी दुखते का. ती म्हणाली, तू हॉस्पिटलात असतोस तेव्हा.

२६ तारीख

ताई घरी येऊन जेवता जेवता झोपते. दाजी म्हणाले, कमिटीने हो म्हटलं तर ही बाई पहिल्यांदा रजा घेईल. मी म्हटलं काळजी करू नका, निकाल असा लागेल की सगळे तोंडात बोट घालतील. दाजींनी माझ्याकडे संशयाने बघितलं. लग्नात त्यांच्या बुटांत साबण मीच घातला होता, ते अजून विसरलेले नाहीत.

३० तारीख

निकाल. हॉस्पिटलचे आकडेमोड करणारे एक सर आहेत, आम्ही त्यांना कॅल्क्युलेटर म्हणतो. त्यांनी तक्ता समोर ठेवला. ताईने रात्रीच साडी इस्त्री करून ठेवली होती.

जुनी पद्धत: आठवरून एक. ताईची पद्धत: आठवरून एक.

कॅल्क्युलेटर म्हणाले, काडीचा फरक नाही. औषध लवकर द्या की उशिरा द्या, सारखंच. कमिटी नियम बदलणार नाही.

ताईने कागद उलटा करून परत सुलटा केला, जणू मागे दुसरा निकाल असेल.

हीच वेळ होती. मी उठलो आणि सांगितलं. फरक कसा दिसणार, दोन्हीकडे मी होतो! नक्कल, जोक, कोंबडा, सगळं सांगितलं. कोंबडा करून पण दाखवला. म्हटलं, औषधाचं सोडा, हाच शोध आहे.

कॅल्क्युलेटर सरांनी चष्मा काढला. ताईने विचारलं, तू त्यांच्याशी बोललास? मी म्हटलं, भरपूर.

टाळ्या नाहीत. मोठे शोध सुरुवातीला कुणाला पटत नाहीत.

१ तारीख

ताईने फॉर्मवरचे नंबर बघून पेशंटना फोन लावले. मला समोर बसवून, स्पीकरवर. मी जरा केस विंचरून बसलो होतो.

सुतार म्हणाला, आठाचं नऊ झालं होतं हो, अंगठा फुटलेला. पण तो पोरगा शून्य ऐकल्याशिवाय हलेना. बरगडीवाले काका म्हणाले, हसलं की जीव जात होता, पाया पडलो तरी थांबेना. तिसऱ्याने विचारलं, तो कोंबडा अजून तिथे आहे का, कारण बायकोला आणायचंय.

बारा फोन. बारा जणांनी खोटं सांगितलं होतं. मी म्हटलं, बघ, माणसांवर विश्वास ठेवायची सोय नाही. ताईने पुढचा नंबर लावला.

शाळेच्या बाई. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मुलगा इतकी धडपड करत होता, त्याचं मन मोडवेना. मनगट मोडलंच होतं, दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलं. त्या दिवशी डॉक्टरांनी फाइलवरचं शून्य बघितलं आणि इतरांना आधी घेतलं. दोन तास बसल्या. मग विचारलं, तो मुलगा पुढे शिकतोय का?

ताईने फोन ठेवला. मला वाटलं आता वाजवणार एक. वाजवली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, दोन तास.

२ तारीख

काही लिहायचं नाही.

६ तारीख

ताई परत मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभी राहिली. पूर्ण महिना परत करायची परवानगी मिळाली, पहिल्यापासून. म्हणजे नियम बदलायचा तर तो आता महिनाभर उशिरा. तोवर येतील ते बाकावर.

विचारायला दुसरा माणूस अजून नाही. मी म्हटलं मी येतो. दाजी हसले. आई म्हणाली, तोंडाला चिकटपट्टी लाव. ताईने माझे खिसे तपासले, चार हातमोजे निघाले. म्हणाली ये.

संकल्प लिहिणार होतो. नाही लिहिला.

८ तारीख, बुधवार

परत जुनी पद्धत. अकरा पेशंट. एक वाक्य, एक आकडा, बाजूला.

पहिले पाच: आठ. सात. नऊ. आठ. दहा.

अर्ध्या तासाने: आठ. सात. नऊ. नऊ. दहा.

एका बाईंचा पाय मोडलेला, त्या नऊवाल्या. डॉक्टर कधी येतील विचारत होत्या. मला माहीत नव्हतं. एक भारी जोक आला होता तोंडात, गिळला. नुसता उभा राहिलो तर त्यांनी माझी बाही धरली आणि धरूनच बसल्या. मला वाटायचं दुखणारी माणसं ओरडतात. ही सगळी गप्प बसून होती. गेला महिनाभर पण बसली असणार, मलाच ऐकू येत नव्हतं, माझा आवाज चालू होता ना.

संध्याकाळी ताईने तक्ता बघितला. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. शाबास म्हणाली.

तिच्याकडून आजवरची पहिली शाबासकी. नऊला नऊ लिहिलं म्हणून.