मध्यंतरापर्यंतचा गुरू

२ मार्च
आजपासून रोज व्यायाम. सिनेमातले गुरू करतात ती बैठक, गुडघे वाकवून, भिंतीला न टेकता. जुन्या कुंग-फू सिनेमांचा अभ्यासक म्हणून नाव व्हायचं तर शरीरही तसं हवं. त्यातल्या एका सिनेमात म्हाताऱ्या गुरूंचं आपल्या भाषेतलं डबिंग बाबांनी केलं होतं, हा निव्वळ योगायोग. बाबांना जाऊन येत्या जूनमध्ये वर्ष होईल. पण माझा रस शास्त्रीय आहे. मी रडणारा माणूस नाही.
दुपारी मांड्या धरल्या. उद्या सुट्टी.

५ मार्च
बाबांच्या त्या सिनेमाची कॅसेट एकच, त्यांना स्टुडिओने दिलेली. कॅसेटवाला कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणाला. वर बजावलं, तोवर लावू नका, फीत जुनी आहे, झिजते. हे लोक असं घाबरवतातच.
जूनमध्ये बाबांच्या दिवशी घरच्यांना सिनेमा दाखवणार, असं जाहीर केलं. आधी माझं छोटं भाषण. आई म्हणाली भाषण राहू दे, अख्खा दाखव म्हणजे झालं.
कॅसेट उद्या नेऊन देतो.

९ मार्च
दिली नाही. आधी गुरूंचे पवित्रे नीट अभ्यासायला हवेत. मध्यंतरापर्यंत पाहिला. तिथे गुरूंना विष घालतात. बंद केला. पुढचा भाग कच्चा आहे. मी तो पाहिलेला नाही. लहानपणीही मी तिथेच उठून जायचो. पारख तेव्हापासूनच.

२८ मार्च
ऑफिसात झेरॉक्स मशीनपुढे उभा होतो. मागून स्पष्ट ऐकू आलं, पाठ सरळ, श्वास पोटात. गुरूंचं वाक्य. वळून पाहिलं तर कोणी नाही. मशीनचा पंखा असणार.
संध्याकाळी न्हाणीघरातही तेच. तिथे पंखा नाही. पाइप असणार.
सौ. विचारत होती, बाबांच्या चपला अजून दाराशीच आहेत, आत ठेवू का. नको म्हटलं. चोराला वाटतं घरात पुरुषमाणसं जास्त आहेत.

१६ एप्रिल
दिवसातून एकदाच पाहायचा, असा निश्चय. आज दोनदा झाला, पण पहिल्या वेळी सौ.ने मिक्सर लावला होता, ते धरत नाही. विषाचा पेला आला की बंद. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, पुढचं लाव की रे कधीतरी. आईला मारामारीची एवढी आवड आहे हे मला माहीतच नव्हतं. या वयात बरं नाही.

११ मे
एका पायावर उभं राहायचा सराव. कपाटाच्या आरशाला तडा. कंबर गेली. डॉक्टरांनी वय विचारलं, मी सांगितलं, तर परत विचारलं.
पडल्या पडल्या सिनेमा लावला. चित्रात पांढऱ्या रेषा, गुरूंच्या आवाजात खरखर. टीव्ही जुना झाला, दुसरं काय. खरखरीमागे बाबा सापडतात का ते कान देऊन ऐकत बसलो. मग पुन्हा लावला.
घरात मात्र आवाज अगदी स्वच्छ येतो. पाठ सरळ. सौ.ला ऐकू येत नाही म्हणे. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

८ जून
कॅसेट दिली. ठरल्याप्रमाणे, वेळेत.

१२ जून
कॅसेटवाल्याने बोलावून घेतलं. मध्यंतरापर्यंत नुसती खरखर. एक शब्द कळत नाही. कितीदा लावली, विचारलं. मी म्हटलं, एक-दोनदा. पुढचा भाग नव्यासारखा आहे म्हणे, कोणी हातच लावलेला नाही. पुढचा भाग घेऊन मी काय करू? त्यात गुरू मेलेले. त्यात बाबा नाहीत.
जिन्यातच बसून राहिलो. माझ्याच हाताने बाबांचा आवाज पुसला. आईला टीव्ही बिघडला म्हणून सांगणार.

२० जून, संध्याकाळ
टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं. सौ.ने बटण दाबलं, लागला. मग सगळं सांगावं लागलं. आई एवढंच म्हणाली, उरलंय ते लाव.
भाषण केलं नाही. कॅसेटवाल्याने कॉम्प्युटरवर उतरवून दिलेला पुढचा भाग लावला. गुरूंचं प्रेत, शिष्याची शपथ, मारामाऱ्या. शेवटी खलनायकाचे गुंड जीव घेऊन पळतात. सर्वांत मागचा जाडा गुंड वळून ओरडतो, अरे थांबा रे, माझी चप्पल राहिली!
आई खुदकन हसली. म्हणाली, हेच, हेच ते. स्टुडिओत माणसं कमी पडायची, गुरू मेले की उरलेल्या वेळात बाबा गुंडांचे आवाज काढायचे. चपलेचं वाक्य कुणी लिहिलेलंही नव्हतं, बाबांनी पदरचं घातलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तिला करून दाखवलं होतं.
गुरूंचा आवाज बाबांनी कमावलेला होता. हा घरातला. रोज सकाळी दाराशी खाली वाकून चपला शोधताना यायचा, तोच. डोळ्यांत काही गेलं नव्हतं. रडलो.
आईने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. आता झिजायला फीत नाही.

२१ जून, सकाळ
न्हाणीघरात मुद्दाम पोक काढून उभा राहिलो. बराच वेळ. काही ऐकू आलं नाही.
व्यायाम बंद.
सौ.ने बाबांच्या चपला उचलल्या, पुसल्या आणि परत दाराशीच ठेवल्या.