याया फ्रॉक शिवते

प्रिय चिमणे,

अक्षर बघून दचकू नकोस. पेन नवं आहे, शाई अडते, आणि टेबलाचा एक पाय अजून तसाच डुगडुगतोय. तीन आठवड्यांपूर्वी तू फोनवर विचारलंस की आता कायमची तिकडे ग्रीसला राहायला येतेस का, महिनाअखेरपर्यंत सांग, म्हणजे कागदपत्रांच्या मागे लागता येईल. मी नेहमीचं पालुपद लावलं. हातात कामं आहेत, गिऱ्हाइकं सोडत नाहीत. तू त्यावर काहीच बोलली नाहीस, आणि तुझं न बोलणं मला तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून कळतं. म्हणून उत्तर पत्रानं देतेय. फोनवर मी फार सफाईनं बोलते गं.

पण आधी एक गंमत. तुझी आई ग्रीक शिकतेय. हसून घे, मी थांबते. झालं असं, की त्या दिवशी आपलं बोलणं चालू असताना तुझी पोरटी मागे शेजारच्या मुलीला नवा फ्रॉक दाखवत काहीतरी म्हणत होती. एकदा नाही, तीनदा, आणि अशा ठसक्यात की जणू गावाला दवंडी देतेय. फोन ठेवल्या ठेवल्या मी ते मापाच्या वहीत कानाला आलं तसं उतरवलं : ‘ई याया रावी तो फोरेमा मू.’ तुला विचारलं असतं तर तू एका दमात अर्थ सांगून मोकळी झाली असतीस. मला तसा आयता नको होता. आठवतं ना, शिवण शिकायला येणाऱ्या बायकांच्या हातात मी पहिले पंधरा दिवस कात्री द्यायची नाही. एक जुना झगा द्यायची आणि सांगायची, उसवा. कुठला तुकडा कुठे धरलाय, हे शिवताना कळत नाही, उसवताना कळतं. बायका कुरकुरायच्या. तूही कुरकुरलीस, आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या फॉर्मवर सही करून आलीस.

मास्तर वरच्या मजल्यावरच मिळाले. तोच आपला कप्तान. बावीस वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होता, पण सगळे कप्तान म्हणतात आणि त्यानं आजवर एकालाही दुरुस्त केलेलं नाही. त्यातली बरीच वर्षं ग्रीक खलाशांबरोबर गेली, त्यामुळे शिव्यांपासून सुरुवात करू का, असं त्यानं मला आदरानं विचारलं. मी वही पुढे केली. शिकवणी त्याच्या स्वयंपाकघरात, तो बटाटे सोलणार आणि मी समोर बसणार. मी सोलायला घेतले की तो सुरी माझ्या हातातून काढून घेतो.

तर ऐक. पहिलं ‘ई’ ही नुसती झालर नाही. त्यांच्याकडे नामाच्या पुढे एक छोटा शब्द चालतो, बाईमाणसाला ई, बाप्याला ओ, आणि फ्रॉकसारख्या वस्तूला तो. त्यांचा ‘तो’ म्हणजे आपलं ‘ते’. इथं माझं घोडं दोन दिवस अडलं. ‘रावी’ म्हणजे शिवते. बाई शिवो की बाप्या, रावीच. पण मी स्वतः शिवत असेन तर ‘रावो’, आणि मग वेगळं ‘मी’ म्हणायची गरज नाही, ते आतच शिवलेलं असतं. ‘फोरेमा’ म्हणजे फ्रॉक. ‘मू’ म्हणजे माझा, आणि हे माझं-तुझं मागून येतं, सगळं शिवून झाल्यावर शेवटी बटण लावावं तसं. आपण क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवतो, ते मध्येच उरकून घेतात. पण ज्याला काम करायचंय आणि ज्याच्यावर ते व्हायचंय, त्यांची फारकत मात्र आपल्यासारखीच. आपण ‘ला’ लावतो, त्यांचा पुढचा छोटा शब्द बदलतो आणि नामाचं शेपूटही. आचारी स्वतः कुणावर ओरडत असला की तो ‘ओ मायिरास’, त्याच्यावर कुणी ओरडलं की ‘तोन मायिरा’. कप्तान म्हणतो, बावीस वर्षं त्याचा शेवटचा ‘स’ रोज गळायचा.

राहिली याया. याया म्हणजे आजी, हे कळलं आणि माझं तोंड उतरलं. याया तर तुझी सासू! म्हणजे आजी फ्रॉक शिवते ती तिकडची आजी. मी चार दिवस वर गेलेच नाही. खरं सांगते, मत्सरानं पोट दुखलं माझं. शेवटी कप्तान खाली आला आणि त्यानं विचारलं, त्या बाईंना शिवता येतं का? तेव्हा आठवलं, तूच सांगितलं होतंस की सासूबाई बटण तुटलं तर ब्लाउज टाकून देतात. मग राहिलं कोण? मला ती फोनवर आजी म्हणते, पण चारचौघांत मिरवताना मी तिची याया आहे. शेजारच्या मुलीला ती सांगत होती, माझी आजी माझा फ्रॉक शिवते. चिमणे, मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात रडले, आणि तो माणूस बटाटे सोलत राहिला.

पण तो आनंद रात्रभरही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नकार शिकवला. सोपं आहे, क्रियापदाच्या आधी ‘देन’ घालायचं. तेच वाक्य घे, म्हणाला. ई याया देन रावी. आजी शिवत नाही. वहीत लिहायला गेले आणि पेन हातातून सुटलं.

कारण ते खरं आहे. उजवा हात थरथरतो, दोन वर्षं झाली. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री रेघ सोडून जायला लागली. एका गिऱ्हाइकाचं चांगलं रेशीम मी फाडलं आणि त्याच संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं. ते अजून ओढलेलंच आहे. कामं नाहीत, गिऱ्हाइकं नाहीत. पोरीला पाठवलेले गेले तीन फ्रॉक समोरच्या शिंपिणीनं शिवले. मी नुसती शेजारी बसून सांगत होते, आणि सांगायचं नेमकं तेच विसरले. या वेळी तू विचारलंस, आई, आतून माया नाही सोडलीस, आता फ्रॉक वाढवायचा कसा? मी म्हटलं, कापड कमी पडलं. वाढत्या पोरीच्या कपड्याला आत चार बोटं जास्तीचं कापड न ठेवता तुझी आई शिवणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुला तेव्हाच कळलं. तू बोलली नाहीस.

येत नव्हते ते याचसाठी. आयुष्यभर ज्या हातांवर जगले ते हात मांडीवर ठेवून लेकीच्या घरात बसायचं माझ्या जिवावर येत होतं. पण पोरीनं माझ्या नावानं फुशारकी मारावी आणि ती खोटी निघावी, हे त्याहून वाईट. तिला तू काही सांगू नकोस, मी सांगेन. वाक्य पाठ आहे. रडणार नाही. मग तो बिनमायेचा फ्रॉक तिच्या हातात देऊन सांगेन, उसव. तिचे हात चालतील, मी शेजारी बसेन. तुझं बोलावणं अजून तेच असेल तर कागदपत्रांच्या मागे लाग. त्यांच्याकडे याला एकच शब्द आहे, ‘मी’ आतच शिवलेलं. एर्खोमे. येते.

तुझीच,
आई