गवताचं मशीन आणि सोडलेलं पान

आये, आज आपल्या घरापुढच्या खळ्यात पाच बायका आल्या होत्या. गावातल्या बचत गटाने गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घेतलंय आणि ते शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. "तुझी आवस चालवी, तुका येताच," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तू जाऊन अकरा वर्षं झाली, पण या गावात मशीन म्हटलं की अजून तूच आठवतेस. त्या गेल्यावर मी हे लिहायला बसले.

तुझं मशीन कणकवलीहून आणलं तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबा मुंबईत नोकरीला, काजूच्या बागेत कमरेएवढं गवत, आणि विळा घेऊन यायला कोणी तयार नाही. मी कॉलेजात शिकलेली म्हणून दुकानदार सगळं माझ्याकडे बघून सांगत होता. तू त्याला थांबवलंस. "चालवतलंय मी. माका सांगा." मग त्याने तुझ्या खांद्यावर पट्टा चढवला, आणि दुकानासमोर चार माणसं बघत असताना तू दोरी ओढलीस. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. तुझ्या तोंडावर हसू नव्हतं, नुसतं लक्ष होतं.

घरी आल्यावर तू चुलीवरची पेज उतरवलीस, हात पुसलेस आणि मला पुस्तिका वाचायला बसवलंस. ती हिंदीत होती आणि तू मराठी चौथी शिकलेली. एकेका वाक्याला तू विचारतेस, "म्हणजे काय गो?" आणि समजेपर्यंत पुढे जाऊ देत नाहीस. बाहेर माझी मैत्रीण बाजारात जायला ताटकळत उभी आहे. शेवटी शेवटी मी दोन पानं एकदम उलटली. "सगळा झाला?" तू विचारलंस. मी झालं म्हणाले.

जेवढं वाचलं तेवढं तू अक्षरशः पाळलंस. कापायच्या आधी अख्खा तुकडा फिरून दगड, तारा, बाटल्या वेचायच्या. पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा, पदर घट्ट खोचलेला. पात्यात गवत अडकलं तर आधी मशीन बंद, मगच हात. एकदा मोठे काका काहीतरी विचारायला सरळ तुझ्या पाठीमागून येत होते. वळताना तू त्यांना बघितलंस, मशीन बंद केलंस आणि म्हणालीस, "भावजी, थंयच रवा. माका आयकाक येना नाय. दगड उडालो तर तुमच्या डोळ्यात जायत." ज्यांच्यासमोर तू कधी मान वर केली नव्हतीस, ते काका पंधरा पावलं मागे जाऊन उभे राहिले. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला.

मग तो दिवस आला. भर दुपारी टाकी संपली. तू मशीन खाली ठेवलंस आणि लगेच झाकण उघडून पेट्रोल ओतायला लागलीस. थोडं बाहेर सांडलं, तापलेल्या इंजिनावर पडलं आणि भडकलं. तू आधी कॅन लांब ढकललास, मग मातीने आग विझवलीस. ओरडलीही नाहीस. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तू शुद्ध मराठीत सांगितलंस, "माझीच चूक झाली, साहेब." आणि एसटीत मला म्हणालीस, "पुस्तकात लिवलेला असतला. माझ्याच डोक्यात रवला नाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हात बरा झाल्यावर तू ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलंस. ते पान आलं. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल भरू नये, भरल्यावर मशीन त्या जागेपासून लांब नेऊन मगच सुरू करावं. तू म्हणालीस, "ह्या माका आयकल्यासारखा वाटना नाय." मी म्हणाले, "तेव्हाय वाचलेलंय." तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "वाच फुडे."

त्यानंतर सात वर्षं तू ते मशीन चालवलंस. टाकी संपली की ते सावलीत ठेवायचं, भाकरी खायची, गाईला भारा बांधायचा, आणि मगच झाकण उघडायचं. कोणी घाई केली तर तू उत्तरच देत नसायचीस. पुढे शेजारच्या बागांतूनही तुला बोलावणी यायला लागली आणि मशीन कसं धरायचं ते पुरुष तुला विचारायला लागले. भाजल्याची खूण तू कधी पदराखाली झाकली नाहीस.

आज मी नव्या मशीनची पुस्तिका वाचून दाखवत होते, तर पेट्रोल भरायच्या पानावर एकजण म्हणाली, "ह्या सोड गो, माका म्हायत आसा." मी थांबले. एका बाईचा हात कसा भाजला आणि तिच्या मुलीने पान कसं सोडलं होतं ते सगळं सांगितलं. खंयची बाई, असं त्यांनी विचारलं. तुझं नाव न घेता मी म्हटलं, खारेपाटणाकडची. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हातारीने त्या मुलीचं विचारलं, "आणि त्या चेडवान मगे आवशीक खरा सांगितल्यान?"

आये, मी होय म्हणाले.