आठ दिवसांचं दुकान

प्रिय चिमणे,

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, अक्षरं रांग सोडून पळाली तर तूच दटावून बसव. तुझ्या आठ दिवसांच्या दुकानातून आल्यापासून मी हवेतच आहे. घरी सांगितलं बहिणीकडे जाते, आणि दोन दिवस तुझ्या स्टुलावर बसून माणसं बघितली. असं फुकटचं सुख जन्मात मिळालं नव्हतं.

कोण आत येणार ते मला दारातच कळायचं बघ. ती लाल चपलांची बाई, नवीन दिसलं की हिचे पाय थांबायचेच नाहीत. बँकेतली मात्र नको नको करत होती; रविवारी दुकान उठणार ऐकलं आणि तू शिवलेल्या दोन पिशव्या घेतल्या. अशांना वस्तूपेक्षा हुकल्याची धास्ती. आणि ते काठीवाले म्हातारे, दोन्ही दिवस काचेबाहेर उभे, आत पाऊल नाही. मला मेलीला हसूच फुटलं. थेट तुझे आजोबा!

चाळीस वर्षं एका जागी शिवणयंत्र चालवलं त्यांनी. चपलाही एकाच दुकानातल्या, बिलं डब्यात. तुझ्या या फिरत्या दुकानाच्या बेताला ते 'आज इथं, उद्या तिथं, हे कसलं दुकान' म्हणाले आणि तू निघून गेलीस. चौदा महिने झाले. दोघंही एकाच कापडाचे, कोण आधी बोलणार?

परवा माझी नवी पिशवी त्यांनी हेरली. कुणाची, ते विचारलंसुद्धा नाही. उलटी करून टाके बघितले, चेन दहादा ओढली, आतली दुकानाच्या पत्त्याची 'फक्त रविवारपर्यंत' लिहिलेली चिठ्ठी वाचली. टाके तुला त्यांनीच शिकवलेले, ओळखणार नाहीत होय? मग खाली बघत म्हणाले, "बिघडली तर न्यायची कुठं? रविवारनंतर ही सापडायची कुठं?"

पिशवीचं नव्हतं गं ते.

म्हणून आज ते आंघोळीला गेल्यावर मी पकडीनं चेनचा एक दात वाकवला. स्वतः शिंपी, दोन मिनिटांचं काम. पण म्हणाले, ज्यानं विकली त्यानंच दुरुस्त करावी. उद्या सकाळच्या गाडीनं तक्रार घेऊन येताहेत, शर्टाला इस्त्री करून झालीय. हे पत्र त्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. वाच, पण हसू नकोस. चेन नीट कर आणि बिल दे. दुकानाच्या पत्त्याच्या जागी आपल्या घराचा पत्ता लिही. डब्यात मी जागा करून ठेवलीय.

तुझीच लबाड
आजी